पायलटाची रजा, मुलांचा परदेश

पूर्व आफ्रिकेतल्या एखाद्या मातीच्या धावपट्टीवरून लहान सेस्ना विमानाने जायचं असेल, तर आधी काट्यावर उभं राहावं लागतं. सामान वजनाला जातंच, पण माणूसही जातो. एरवी वजन विचारलं की विषय बदलणारी मंडळीही इथे मुकाट्याने काट्यावर चढतात, कारण विमान उडणार की नाही हे त्या आकड्यावर ठरतं. पायलट सगळ्यांची बेरीज करतो, त्यात इंधनाचं वजन मिळवतो, धावपट्टीची लांबी, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि त्या घटकेचं तापमान बघतो आणि कधी कधी एक पोतं खाली उतरवायला सांगतो. मग त्या पोत्यावरून वाद होतो. वादात पायलटाचाच शब्द शेवटचा.

औषधं पोचणार की राहणार, अडलेली बाळंतीण आज दवाखान्यात जाणार की उद्या, ढग उतरले म्हणून निम्म्या वाटेतून परत फिरायचं का, हे सगळं हा एकटा माणूस ठरवतो. त्याला त्या टापूत सगळे ओळखतात. विमानाचा आवाज आला की पोरं धावपट्टीकडे पळत सुटतात.

हाच माणूस तीन-चार वर्षांनी एकदा घराला कुलूप लावतो, कुत्रा शेजाऱ्याकडे सोपवतो आणि बायकामुलांना घेऊन अमेरिकेतल्या, ब्रिटनमधल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या आपल्या गावी येतो. मिशनरी जगात या येण्याला ‘फर्लो’ म्हणतात. नियमानुसार ही रजा असते. प्रत्यक्षात मात्र त्या कुटुंबाच्या वाट्याला येणारा हा बहुधा सगळ्यात दमवणारा काळ असतो. घरी परतल्याचा आनंद असतो तो आईवडिलांचा. मुलांच्या दृष्टीने ही परदेशवारीच.

*

मिशनरी आणि विमान ही जोडी दुसऱ्या महायुद्धाने जुळवली. युद्ध संपताना हजारो तरुण पायलट मोकळे झाले. त्यांतल्या काही श्रद्धाळू मंडळींना वाटलं, बॉम्ब टाकायला जे शिकलो ते औषधं टाकायला का वापरू नये? 1945 साली अमेरिकेत त्यांनी एक संस्था काढली. पुढे ती मिशन एव्हिएशन फेलोशिप, म्हणजे ‘मॅफ’, या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. तिचं पहिलं उड्डाण 1946 च्या फेब्रुवारीत मेक्सिकोकडे झालं आणि चालवणारी होती एक बाई. बेटी ग्रीन. युद्धात तिने अमेरिकी लष्कराच्या महिला पायलटांच्या दलात काम केलं होतं. पुढे ती सुदानला गेली, तेव्हा तिथल्या कायद्याने बाईला विमान चालवायला बंदी होती. तिच्यासाठी सुदानच्या संसदेला वाट मोकळी करून द्यावी लागली.

आफ्रिकेचा रस्ता मात्र ब्रिटिशांनी धरला. 1948 च्या जानेवारीत जॅक हेमिंग्ज आणि स्टुअर्ट किंग हे दोघे लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून एका छोट्या लाकडी ‘माइल्स जेमिनी’ विमानातून निघाले. आफ्रिकेत विमानाची खरी गरज कुठे आहे हे पाहायला. यातला हेमिंग्ज आपल्याकडे येऊन गेलेला. युद्धकाळात तो कोलकात्यातून बंगालच्या उपसागरावर गस्तीची उड्डाणं करत असे. पाहणीचं काम रंगात आलं असतानाच बुरुंडीच्या डोंगरात विमान आदळलं. दोघेही धडधाकट बाहेर आले, विमान मात्र गेलं. एखाद्याने यातून बोध घेऊन विम्याची नोकरी धरली असती. यांनी परत जाऊन अहवाल लिहिला आणि 1950 मध्ये सुदानात काम सुरू झालं. हेमिंग्ज एकशे दोन वर्षांचा असताना, 2024 साली, स्पिटफायर विमानात बसून पुन्हा आकाशात जाऊन आला, तेही याच संस्थेसाठी निधी जमवायला. 2025 च्या सुरुवातीला तो वारला.

आज मॅफची शंभरावर विमानं पंचवीसहून अधिक देशांत उडतात. आफ्रिका इनलंड मिशनची ‘एम एअर’ ही दुसरी संस्था 1975 पासून नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून चालते. आणखीही काही लहानमोठ्या आहेत. त्यांचं गिऱ्हाईक फक्त पाद्री असतात असं नाही. लसी, डॉक्टर, मदतसंस्थांचे कार्यकर्ते, शाळेची पुस्तकं, गाद्या आणि प्रसंगी शेळ्यासुद्धा या विमानांतून जातात.

विमानच का, याचं उत्तर जमिनीकडे पाहिलं की मिळतं. दक्षिण सुदानच्या फार मोठ्या भागात काळी कपाशीची माती आहे, विदर्भ-मराठवाड्यात असते त्याच जातीची. पाऊस पडला की तिचा चिखल होतो आणि ट्रक महिनोन्‌महिने जागचे हलत नाहीत. धावपट्ट्याही त्याच मातीच्या, त्यामुळे पावसाळ्यात त्याही रुसतात. लेसोथोत प्रश्न वेगळा, तिथे डोंगर आड येतात. मातेकाने नावाची तिथली धावपट्टी जेमतेम चारशे मीटर लांब आहे आणि ती एका कड्याच्या टोकाला संपते. पुढे खोल दरी. विमानाने पट्टीवर पुरेसा वेग घेतला नसेल, तर ते कड्यावरून खाली झेपावतं आणि दरीतल्या हवेत वेग धरतं. तिथल्या दवाखान्यांना डॉक्टर पोचवणाऱ्या सेवेत मॅफची विमानं आहेत.

असं उडणं साध्या परवान्यावर जमत नाही. मिशनरी पायलट पुष्कळदा विमानाचा मेकॅनिकही असतो, कारण पाचशे किलोमीटरच्या परिघात दुसरा कोणी नसतो. शिकागोच्या मूडी संस्थेने अशा पायलटांसाठी खास शिक्षण सुरू केलं, तेही महायुद्ध संपता संपताच. इंजिन खोलायचं कसं इथपासून ते शेळ्या हुसकायला धावपट्टीवरून आधी एक खालची फेरी कशी मारायची इथपर्यंत सगळं शिकावं लागतं. मग तिथली भाषा. स्वाहिली, फ्रेंच, पोर्तुगीज, जिथे जशी लागेल तशी. म्हणजे पहिलं उड्डाण होईपर्यंत माणूस तिशीला टेकलेला असतो आणि घरात एक-दोन मुलं आलेली असतात.

बायको या सगळ्यात काय करते? पुष्कळ करते. मोबाइल आणि उपग्रहाच्या आधीच्या काळात तर रेडिओवर तीच बसायची. ठरलेल्या वेळी नवरा आपण कुठे आहोत ते कळवायचा, ती नकाशावर खूण करायची. निरोप वेळेवर आला नाही की घड्याळाकडे बघत बसायचं. मुलांची शाळा घरातच, मास्तरीणही तीच. शिवाय वाट वाकडी करून मुक्कामाला आलेले डॉक्टर, परिचारिका, अडकलेले प्रवासी यांचं जेवणखाण.

*

फर्लोची प्रथा विमानाहून फार जुनी आहे आणि तिच्या जुन्या खुणा महाराष्ट्रातही सापडतात. अमेरिकी मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले तेव्हा ते परत जाण्याच्या बोलीवर आलेच नव्हते. सुएझचा कालवा व्हायचा होता. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून अमेरिकेला पोचायला चार-पाच महिने लागत. जे जात, ते प्रकृती पार ढासळली म्हणून. सिंथिया फरार 1827 च्या अखेरीस मुंबईला आली, 1837 मध्ये प्रकृतीसाठी मायदेशी गेली आणि 1839 मध्ये परत आली. पुढे तेव्हाच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, तिने मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे धडे घेतले ते तिच्याकडे. 1862 साली फरार नगरलाच वारली.

रॉबर्ट विल्सन ह्यूम यांना तर घर गाठताच आलं नाही. मुंबईत पंधरा वर्षं काम करून 1854 मध्ये ते आजारी अवस्थेत कुटुंबासह अमेरिकेला निघाले आणि वाटेत जहाजावरच वारले. त्यांची पत्नी मुलांना घेऊन पुढे मॅसॅच्युसेट्सला गेली. मुंबईत जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट ॲलन ह्यूम तिथे शिकला आणि 1874 साली थेट नगरला परत आला. मग आयुष्याचा मोठा भाग त्याने इथेच काढला. आईबापांच्या देशात वाढूनही त्याची ओढ जिथे जन्मला तिथेच होती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण आफ्रिकेतून आज येणाऱ्या मुलांचं दुखणं याच्याच जवळचं आहे.

वाफेच्या बोटी आल्या तशी फर्लोला शिस्त आली. भारतासारख्या देशातून साधारण सात वर्षांनी एकदा वर्षभराची रजा मिळे. पश्चिम आफ्रिकेत मलेरियाने माणसं पटापट मरत, म्हणून तिथली मुदत बरीच कमी असे. जेट विमानांनी पुन्हा गणित बदललं. चार वर्षं काम आणि एक वर्ष रजा, असा पायंडा पडला. अलीकडे तर दोन-तीन वर्षांनी काही महिने, असंही चालतं. ‘रजा’ हा उल्लेखही पुष्कळ संस्थांनी टाकून दिला आहे आणि या काळाला त्या ‘मायदेशातली नेमणूक’ म्हणतात. हा बदल प्रामाणिकपणाचा म्हणायला हवा, कारण माहेरपणाला यावं आणि आल्या दिवसापासून घराघरात फिरून आपल्या संसाराचा हिशेब द्यावा, तशातला हा प्रकार असतो.

हिशेब कसला, ते पाहू. अमेरिकेतल्या अशा बहुतेक संस्थांमध्ये मिशनऱ्याला पगार असा मिळत नाही. त्याने स्वतः चर्चमध्ये जाऊन, नातेवाइकांना, मित्रांना भेटून महिन्याला अमुक इतके डॉलर देण्याचं वचन मिळवायचं. कोणी पंचवीस देतो, कोणी शंभर. या वर्गणीतून कुटुंबाचा खर्च, मुलांच्या शाळेची फी, विमा, प्रवास हे सगळं भागतं. ठरलेला आकडा जमल्याशिवाय आफ्रिकेला निघता येत नाही आणि चार वर्षांत वर्गणीदारांतले काही वारतात, काहींची नोकरी जाते, काही चर्चमध्ये पाळक बदलतात आणि नव्या पाळकाला हे कुटुंब कोण ते ठाऊकही नसतं. म्हणून फर्लोत पुन्हा फिरायचं. जुन्यांना भेटायचं, नवे जोडायचे.

एका चर्चची भेट साधारण अशी असते. शनिवारी रात्री शे-दोनशे मैल गाडी चालवत पोचायचं, कोणा वर्गणीदाराच्या घरी मुक्काम. रविवारी सकाळी दालनात एक टेबल मांडायचं. त्यावर आफ्रिकेचा नकाशा, लाकडी जिराफ, विणलेली टोपली, विमानाचं छोटं मॉडेल आणि कुटुंबाचा फोटो छापलेल्या कार्डांची चवड. ही कार्डं लोक घरी नेऊन फ्रिजवर चिकटवतात आणि प्रार्थनेच्या वेळी त्यांची आठवण काढतात. अनेक घरांत त्या कार्डावरची मुलं चार वर्षांपूर्वीच्याच वयाची राहिलेली असतात. मग पाळक सांगतात, तुमच्याकडे वीस मिनिटं आहेत. कधी पाचच. चार वर्षांचं उडणं, आजारपणं, मेलेली माणसं, जन्मलेली बाळं, सगळं त्या पाच मिनिटांत. पूर्वी स्लाइड दाखवत, आता व्हिडिओ. शेवटी मुलांना पुढे बोलावून, “स्वाहिलीत काहीतरी बोलून दाखवा,” अशी फर्माईश होते. मुलं ‘जाम्बो’ म्हणतात. तेवढ्यावर टाळ्या पडतात. पुढच्या रविवारी दुसरं गाव, दुसरं चर्च, तेच ‘जाम्बो’.

पायलट बापाची अवस्था यात जरा केविलवाणी होते. तिकडे तो निर्णय घेणारा माणूस, इकडे तो मागणारा. शिवाय त्याचं उडणं बंद पडलेलं असतं आणि पायलटाला हे परवडत नाही. अमेरिकी नियमांनुसार प्रवासी घेऊन उडायचं तर गेल्या नव्वद दिवसांत किमान तीन वेळा विमान उडवून उतरवलेलं असावं लागतं आणि दर चोवीस महिन्यांच्या आत प्रशिक्षकासोबत परीक्षा द्यावी लागते. वैद्यकीय तपासणी वेगळी. म्हणून संस्था अशा पायलटांना फर्लोत उजळणीला बोलावतात. अमेरिकी मॅफचं मुख्यालय आयडाहो राज्यातल्या नॅम्पा गावी आहे, ते उगीच नाही. जवळच रॉकी पर्वतातल्या अरुंद दऱ्या आणि आखूड धावपट्ट्या आहेत, सरावाला हव्या तशा. कित्येक पायलटांना सगळ्या फर्लोत मनापासून आवडतो तो हाच सरावाचा काळ असावा.

बाकी कामांची यादीही लांब असते. सगळ्यांचे दात तपासायचे. चार वर्षांचे साठलेले आजार दाखवायचे. म्हातारे आईवडील, त्यांची विकायला काढलेली घरं, भावाबहिणींनी एकट्यांनी ओढलेलं त्यांचं आजारपण आणि त्यावरून मनात धरलेला अबोला. करांचा घोळ तर असतोच. परदेशात कमावलेल्या उत्पन्नावर सूट मिळवायचा अमेरिकेतला एक मार्ग असा, की सलग बारा महिन्यांत 330 पूर्ण दिवस देशाबाहेर काढलेले हवेत. लांब फर्लो घेतली की हे गणित बिघडतं. त्यामुळे काही कुटुंबं कॅलेंडर समोर ठेवून घरी यायची तारीख ठरवतात. घरही हवं असतं, तेही वर्षापुरतं, भांड्याकुंड्यांसह. हा प्रश्न इतका जुना आहे, की न्यू जर्सीतल्या व्हेंटनॉर गावात 1922 साली फर्लोवर आलेल्या मिशनऱ्यांसाठी खास घरं उभी राहिली. आजही अनेक चर्च एखादं घर किंवा निदान एखादी जुनी मोटार यासाठी राखून ठेवतात.

*

आता मुलांकडे वळू. या गोष्टीतला खरा अवघड भाग त्यांच्याच वाट्याचा आहे.

दहा वर्षांची एखादी मुलगी घ्या, जी दोन वर्षांची असताना टांझानियाला गेली आणि मध्ये एकदाच ‘घरी’ येऊन गेली. तिला बाजारात भाव करता येतो, साप दिसला तर काय करायचं ते कळतं, विमानाच्या नुसत्या आवाजावरून ते कोणतं आहे हे ओळखता येतं. ओहायोतल्या शाळेत मात्र तिला डबा कुठे खायचा हे माहीत नसतं, वर्गातल्या पोरी कोणत्या गायिकेबद्दल बोलतात ते कळत नाही आणि अर्ध्या विनोदांना हसायचं का ते समजत नाही. ती जर दिसायला, बोलायला परदेशी असती तर कोणीतरी समजावून सांगितलं असतं. पण ती तर गोरी, अस्सल अमेरिकी उच्चारात बोलणारी. मग लोक तिला जरा विचित्र, जरा मंद समजतात. डेव्हिड पोलॉक आणि रूथ व्हॅन रीकन यांनी अशा मुलांना ‘लपलेले स्थलांतरित’ म्हटलं आहे. व्हॅन रीकन स्वतः नायजेरियातल्या कानो शहरात वाढल्या, त्यामुळे त्या ऐकीव गोष्टी सांगत नाहीत.

आणि या मुलांचा अभ्यास सुरू झाला तो भारतात, हे वाचून मराठी वाचकाला नवल वाटेल. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम आणि त्यांचे पती जॉन 1950 च्या दशकात आपल्या तीन मुलांना घेऊन भारतात राहायला आले. इथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या अमेरिकी लोकांचा अभ्यास करायला. राजदूत, तंत्रज्ञ, मिशनरी अशा सगळ्यांच्या घरांत त्यांना दिसलं, की मुलं ना धड आईबापांच्या देशाची होतात, ना धड इथली. दोन्हींच्या मधलं एक तिसरंच जग त्यांचं असतं. ‘थर्ड कल्चर किड्स’, म्हणजे तिसऱ्या संस्कृतीची मुलं, हे नाव तिथून रूढ झालं. त्या काळी इथल्या मिशनऱ्यांची मुलं कोडाईकनाल किंवा मसुरीच्या निवासी शाळांत असत. या शाळांत आज भारतीय मुलंच मोठ्या संख्येने शिकतात.

आफ्रिकेतली तशीच प्रसिद्ध शाळा केनियातल्या किजाबेला आहे. रिफ्ट व्हॅलीच्या कडेवर बसलेली रिफ्ट व्हॅली ॲकॅडमी. 1906 साली ती सुरू झाली आणि 1909 मध्ये तिच्या मुख्य इमारतीची कोनशिला बसवली ती शिकारीला आलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी. तीन महिने शाळा आणि एक महिना सुट्टी असं तिथलं चक्र आहे, म्हणजे दूरच्या देशांतून आलेल्या मुलांना वर्षात तीनदा घरी जाता येतं. कित्येक मुलांना घर कुठलं असं विचारलं तर ती आईबापांच्या गावाचं नाव घेत नाहीत, किजाबेचं घेतात.

परत आल्यावर बसणारा हा धक्का मोठ्यांनाही चुकत नाही. नॉर्वेचे लिसगार्ड यांनी 1955 मध्ये परदेशी गेलेल्यांच्या मनाचा आलेख मांडला होता: आधी उत्साह, मग घसरण, मग सावरणं. गुलाहॉर्न दांपत्याने 1963 मध्ये दाखवलं, की घरी परतल्यावर तोच खड्डा पुन्हा लागतो. जाताना माणूस तयारीत असतो, येताना नसतो. घरीच तर चाललोय, तिथे कसली तयारी, असं त्याला वाटतं.

पोलॉक यांनी यावर एक घरगुती उपाय सांगितला, तो आज पुष्कळ मिशन संस्था शिकवतात. निघण्यापूर्वी चार गोष्टी करायच्या. कोणाशी भांडण असेल तर मिटवायचं. ज्यांनी जीव लावला त्यांना तसं सांगायचं. माणसांचा, जागांचा, कुत्र्यामांजरांचा रीतसर निरोप घ्यायचा. आणि पुढे जिथे जायचं तिथे काय काय असेल ते आधीच डोळ्यांसमोर आणायचं. वाचायला सोपं वाटतं. पण विमानाच्या आदल्या दिवसापर्यंत सामान बांधत बसलेल्या घरात यातली तिसरी गोष्ट हमखास राहते आणि मूल पुढे कित्येक वर्षं त्या न घेतलेल्या निरोपाबद्दल बोलत राहतं, हे व्हॅन रीकन यांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येतं.

कधी कधी तर निरोपाला वेळच मिळत नाही. 2002 च्या सप्टेंबरमध्ये काँगोच्या इतुरी भागात न्यांकुंडे गावावर सशस्त्र टोळ्यांनी हल्ला केला. तिथे मोठा मिशन दवाखाना होता आणि मॅफचा तळही. हजारावर माणसं मारली गेली, तळ उजाड झाला. अशा वेळी कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी निघतात. मोझांबिकमध्ये 2022 च्या नोव्हेंबरमध्ये एका अमेरिकी मिशनरी पायलटाला पोलिसांनी अटक केली. उत्तरेकडच्या अनाथालयांसाठी तो सामान नेणार होता आणि उत्तरेत बंडखोरी चालू होती, म्हणून संशय. सुटका व्हायला मार्च उजाडला. दोन लहान मुलगे आणि त्यांची आई हे चार महिने वाट बघत राहिले.

*

या सगळ्याकडे नुसतं सहानुभूतीने पाहून भागणार नाही. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न धर्मांतराचा निघतो आणि तो निघायलाच हवा. ही माणसं औषधं नेतात तशी श्रद्धाही नेतात, आणि ते लपवतही नाहीत. त्याबद्दल ज्याचं त्याचं मत असू द्यावं. पण न्यांकुंडेची गोष्ट आणखी एका ठिकाणी टोचते. हल्ला झाला तेव्हा परदेशी पायलटांना जायला दुसरा देश होता. धावपट्टीवरचं गवत कापणारा, इंधनाचे पिंप चढवणारा, रेडिओ सांभाळणारा स्थानिक माणूस कुठे जाणार? त्याला फर्लो नाही, मायदेशी वर्गणीदार नाहीत, आणि तो जिथे आहे तेच त्याचं घर. आफ्रिकी पायलट आणि मेकॅनिक तयार करण्याची, कामाची सूत्रं त्यांच्याकडे देण्याची भाषा या संस्था आता करू लागल्या आहेत. काही ठिकाणी ती प्रत्यक्षातही आली आहे. पाऊणशे वर्षांनंतर हे व्हावं, हा उशीरच म्हणायचा.

फर्लो संपत आली की पुन्हा बॅगा भरायला लागतात. विमान कंपनीची तेवीस किलोंची मर्यादा आणि त्यात बसवायचं चार वर्षांचं सामान. मुलांचे पुढच्या मापांचे बूट, वह्या-पुस्तकं, वाढदिवसांच्या आधीच घेऊन ठेवलेल्या भेटी, आणि कुठल्या तरी कोपऱ्यात विमानाचे सुटे भाग, कारण टपालाने पाठवलेले कस्टममध्ये महिनोन्‌महिने अडकतात. तिकडे पोचल्यावर पायलटाला थेट विमान मिळत नाही. अनुभवी सहकाऱ्याला शेजारी बसवून आधी धावपट्ट्या पुन्हा तपासून घ्याव्या लागतात. मधल्या काळात एखादी खचलेली असते, एखादीवर कोणी मका पेरलेला असतो.

यातलं काही आपल्या उंबऱ्याबाहेरचं आहे असं समजू नये. आखातात, नैरोबीत, सिंगापुरात, न्यू जर्सीत वाढलेली मराठी मुलं दर सुट्टीत आणि कधी कायमची पुण्या-ठाण्याला, सांगली-नाशिकला परत येतात. दिसायला आपल्यासारखी, बोलायला बरीचशी आपल्यासारखी, म्हणून कोणी त्यांना काही समजावत नाही आणि चुकली की हसतात. आल्या आल्या त्यांना “मग, भारत आवडला का?” हे विचारू नका, त्याला उत्तर नसतं. आणि तिकडची भाषा बोलून दाखवायची फर्माईश तर मुळीच नको. तिकडे शाळेत कसं जायचास, वाटेत काय काय लागायचं, तुझी खास मैत्रीण कोण, हे विचारा. आणि मग उत्तर लांबलं तरी मध्ये बोलू नका.